घटक ५ : शब्दसाम्य आणि शब्दसंबंध – सुमेरियन, संस्कृत व मराठी

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• दोन भाषांतील शब्द सारखे दिसण्याची विविध कारणे सांगता येतील;
• शब्दसाम्य आणि शब्दसंबंध यांतील फरक उदाहरणांनी स्पष्ट करता येईल;
• सुमेरियन व इंडो-युरोपीय भाषांतील सुचवलेल्या शब्दसंबंधांची परीक्षा करता येईल;
• ‘लिपी’ आणि ‘डबीर’ या शब्दांचा प्रवास मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुण्यातील सर्वांत जुन्या वस्तीचे नाव ‘कसबा पेठ’ असे आहे. या नावात दोनच शब्द आहेत, पण ते दोन वेगळ्या भाषाकुलांतून आले आहेत. ‘कसबा’ हा मूळचा अरबी शब्द. फारसी राज्यकारभाराबरोबर तो मराठीत आला आणि परगण्याचे मुख्य गाव या अर्थाने रुळला. जुन्या कागदपत्रांत ‘कसबे पुणे’ असा उल्लेख येतो. ‘पेठ’ या शब्दाचा संबंध कन्नड ‘पेटे’, तमिळ ‘पेट्टै’, तेलुगू ‘पेट’ या द्राविडी शब्दांशी जोडला जातो. एक सेमिटिक, एक द्राविडी. आणि बोलणारे मात्र आर्यकुलातील मराठी भाषा बोलतात. शब्द कुलाची सीमा ओलांडतात, हे एवढ्या एका नावावरून ध्यानात येते.

मग हे ओलांडणे किती दूरवरचे असू शकते? जगातील सर्वांत प्राचीन लिखित भाषांपैकी एक असलेल्या सुमेरियन भाषेचा आपल्या शब्दांशी काही संबंध असेल काय? हा प्रश्न आकर्षक आहे आणि म्हणूनच धोक्याचाही आहे. ‘सगळे आपल्याकडूनच गेले’ किंवा ‘सगळे बाहेरूनच आले’ अशी उत्तरे त्याला चटकन दिली जातात. प्रस्तुत घटकात आपण उत्तरापेक्षा कसोटीकडे अधिक लक्ष देणार आहोत.

५.२ साम्य कशामुळे निर्माण होते?

दोन भाषांतील शब्द सारखे दिसण्याची प्रमुख कारणे चार आहेत : योगायोग, ध्वन्यनुकरण, समान कुल आणि आदान. ‘बदनाम’ हा मराठीत रुळलेला फारसी शब्द घेऊ. त्यातील ‘बद’ हे पद इंग्रजी ‘बॅड’ या शब्दाशी रूपाने आणि अर्थाने जुळते. ‘नाम’ हे पद इंग्रजी ‘नेम’शी जुळते. वरवर पाहता दोन्ही पुरावे सारख्याच वजनाचे वाटतात. परंतु मध्य फारसीत ‘बद’चे रूप ‘वद’ असे होते. म्हणजे काळात मागे जावे तसा तो इंग्रजी शब्दापासून दूर जातो. हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. ‘नाम’ची गोष्ट उलट आहे. संस्कृत ‘नामन्’, लॅटिन ‘नोमेन’, प्राचीन इंग्रजी ‘नामा’ ही रूपे मागे जाताना परस्परांच्या जवळ येतात. तो खरा कुलसंबंध आहे.

याउलट, आज मुळीच न जुळणारे शब्द सख्खे निघू शकतात. मराठी ‘चाक’ हा संस्कृत ‘चक्र’पासून आला. इंग्रजी ‘व्हील’ या शब्दाचे एक जुने रूप ‘ह्वेओगोल’ असे होते. हे दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाचे वंशज आहेत. मूळच्या ‘क’चा संस्कृतात या जागी ‘च’ झाला, तर जर्मानिक भाषांत ‘ह’. असे बदल एका शब्दापुरते नसतात; ते नियमाने होतात. मराठीतच पाहा : ‘आम्र’पासून ‘अंब’ आणि ‘आंबा’, त्याच वाटेने ‘ताम्र’पासून ‘तंब’ आणि ‘तांबे’. कसबा पेठेतील तांबट आळीच्या नावातही हाच नियम नांदतो आहे.

यावरून आपली कसोटी अशी ठरते : *शब्द आज किती सारखे दिसतात हे पाहू नये, काळात मागे गेल्यावर ते जवळ येतात की दूर जातात, आणि मधले टप्पे दाखवता येतात की नाही, हे पाहावे.*

५.३ सुमेरियन भाषेची अडचण

दक्षिण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण भागात, इ.स.पू. ३२००च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर लेखन सुरू झाले. त्यातून पुढे कीलाकृती लिपी विकसित झाली. या लेखनातील आद्य भाषा सुमेरियन होय. इ.स.पू. २०००च्या सुमारास ती बोलीतून लुप्त झाली. पण विद्येची व धर्माची भाषा म्हणून पुढे शतकानुशतके शिकवली जात राहिली. तिच्या शेजारची अक्केडियन भाषा मात्र सेमिटिक कुलातील, म्हणजे अरबीच्या कुलातील होती.

सुमेरियन भाषेचे कोणतेही कुल अद्याप निश्चित झालेले नाही. तिला ज्ञात बहीण नाही. त्यामुळे ‘मागे जाण्याची’ आपली कसोटी तिच्या बाजूला लंगडी पडते. शिवाय तिचे उच्चार आपल्याला मुख्यतः अक्केडियन लेखनिकांनी केलेल्या नोंदींवरून कळतात. परक्या कानाने टिपलेल्या उच्चारावर बारीक ध्वनिनियम उभारणे कठीण असते.

५.४ सुचवले गेलेले काही संबंध

इंडो-युरोपीय भाषांशी जोडल्या गेलेल्या सुमेरियन शब्दांपैकी तीन पाहू.

(अ) *गुद – गो* : सुमेरियन ‘गुद’ म्हणजे बैल. संस्कृत ‘गो’, ग्रीक ‘बोउस’, लॅटिन ‘बोस’, इंग्रजी ‘काऊ’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. त्या मुळाचे ‘गुद’शी साम्य आहे. परंतु शब्द अगदी लहान आहे. एका अक्षराच्या शब्दात योगायोगाची शक्यता मोठी असते. हंबरण्याच्या आवाजाचे अनुकरण दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाले असणेही शक्य आहे.

(आ) *उरुदु – लोह* : सुमेरियन ‘उरुदु’ म्हणजे तांबे. संस्कृत ‘लोह’ हा शब्दही आधी तांबूस धातूचा वाचक होता. लोखंड हा अर्थ नंतरचा. पण ‘लोह’, ‘लोहित’, ‘रुधिर’, ग्रीक ‘एरुथ्रोस’, इंग्रजी ‘रेड’ असे मोठे कुटुंब इंडो-युरोपीयांत आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘लाल’ असा आहे. शब्दाचे घरच्या घरी समाधानकारक स्पष्टीकरण मिळत असेल, तर परक्या घरी जाण्यासाठी अधिक भक्कम पुरावा लागतो.

(इ) *गिगिर – चक्र* : सुमेरियन ‘गिगिर’ हा रथाचा वाचक शब्द ‘चक्र’च्या मूळ रूपाशी जोडला गेला आहे. चाकासारखा शोध शब्दासह प्रवास करतो, म्हणून ही सूचना विचारार्ह आहे. परंतु आवर्तनाने बनलेले शब्द फिरण्याच्या क्रियेसाठी अनेक भाषांत आढळतात. शिवाय शब्द कोणाकडून कोणाकडे गेला, हे ठरवता येत नाही.

गॉर्डन व्हिटेकर या अभ्यासकाने तर सुमेरच्या भूमीत एक अतिप्राचीन इंडो-युरोपीय भाषा बोलली जात असावी, असे प्रतिपादन केले आहे. ते बहुसंख्य अभ्यासकांना मान्य झालेले नाही. या सर्व उदाहरणांवर ‘संभाव्य, पण असिद्ध’ असाच शेरा योग्य ठरतो.

५.५ पुण्यातील एक धाडसी प्रयत्न

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १९१७ साली सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या गौरवार्थ पुण्यात निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात लोकमान्य टिळकांनी खाल्डियन व भारतीय वेद या विषयावर इंग्रजी निबंध लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील तेराव्या सूक्तात, सर्पविष उतरवण्याच्या मंत्रांत, ‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’ असे दुर्बोध शब्द येतात. ते मेसोपोटेमियातून आलेले असावेत, असे टिळकांनी सुचवले. ‘तैमात’ म्हणजे बाबिलोनी कथेतील आदिजलरूप ‘तियामत’. ‘उरुगूला’ म्हणजे ‘महानगर’, अर्थात पाताळलोक, असा त्यांचा तर्क होता. सुमेरियनमध्ये ‘उरु’ म्हणजे नगर आणि ‘गल’ म्हणजे मोठा, हे खरे आहे.

या मांडणीचे बळ कशात आहे? टिळकांनी सुटा शब्द उचलला नाही. संस्कृत धातूंनी न उलगडणारे, एकाच सूक्तात एकत्र आलेले शब्द त्यांनी निवडले. जादूटोण्याच्या भाषेत परके शब्द सहज शिरतात, ही बाबही त्यांना अनुकूल आहे. मर्यादा कोणत्या? ‘तियामत’ हा शब्द सुमेरियन नसून सेमिटिक आहे. त्याचा अर्थ समुद्राशी निगडित आहे, तर ‘तैमात’ सापाच्या संदर्भात येतो. शिवाय दोन टोकांच्या मधला एकही टप्पा हाती नाही.

१९२४ मध्ये सिंधू संस्कृतीच्या शोधाची घोषणा झाली. पुढे सिंधू शैलीच्या मुद्रा मेसोपोटेमियात सापडल्या. तेथील लेखांतील ‘मेलुह्ह’ हा देश म्हणजे सिंधू प्रदेश, असे सामान्यतः मानले जाते. ‘मेलुह्हच्या भाषेचा दुभाषा’ असा उल्लेख असलेली एक मुद्राही उपलब्ध आहे. म्हणजे संपर्क होता. पण संपर्क सिद्ध झाल्याने शब्दसंबंध आपोआप सिद्ध होत नाही. त्या दुभाष्याने कोणते शब्द इकडून तिकडे नेले, हे सिंधू लिपीचे वाचन झाल्याखेरीज सांगता येणार नाही.

५.६ कसोटीस उतरणारा शब्द : लिपी

आता असा शब्द पाहू, ज्याचे टप्पे दाखवता येतात. परंपरेने ‘लिपि’ची व्युत्पत्ती ‘लिप्’ म्हणजे माखणे या धातूपासून दिली जाते. शाईने माखणे म्हणजे लिहिणे, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे वाटते. परंतु सम्राट अशोकाच्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातील लेखांत एक चमत्कारिक भेद आढळतो. गिरनारसारख्या ठिकाणी ‘धम्मलिपी’ असा शब्द आहे, तर वायव्येकडील शाहबाजगढी येथे ‘ध्रमदिपि’. हा ‘दिपि’ शब्द ‘लिप्’ धातूपासून निघू शकत नाही.

वायव्य प्रदेश पूर्वी इराणच्या हखामनी साम्राज्यात होता. दारयवहु पहिला (इ.स.पू. ५२२–४८६) याच्या बेहिस्तून येथील लेखात प्राचीन फारसीत ‘दिपि’ हाच शब्द ‘कोरलेला लेख’ या अर्थाने येतो. त्याच लेखाच्या एलामी भाषेतील आवृत्तीत त्यासाठी ‘तुप्पि’ हा शब्द आहे. एलामी शब्द अक्केडियन ‘तुप्पु’ म्हणजे मातीची लेखपाटी यावरून आलेला आहे. आणि ‘तुप्पु’ हा सुमेरियन ‘दुब’ म्हणजे पाटी या शब्दावरून. साखळी अशी : दुब – तुप्पु – तुप्पि – दिपि – लिपि. ‘लिप्’ धातूच्या ओढीने ‘द’चा ‘ल’ झाला असावा. पाणिनीला ‘लिपि’ व ‘लिबि’ ही दोन्ही रूपे माहीत होती.

या साखळीचे बळ तीन गोष्टींत आहे : प्रत्येक टप्पा लेखी पुराव्यात सापडतो, अर्थ लेखनाच्या क्षेत्रातच राहतो, आणि लेखनकला ज्या मार्गाने पसरली, त्याच मार्गाने शब्दही पसरतो. म्हणून बहुतेक अभ्यासक ती स्वीकारतात. मात्र लक्षात घ्या, हे आदान आहे, कुलसंबंध नव्हे. ‘लिपी’ शब्दामुळे मराठी आणि सुमेरियन या नातेवाईक भाषा ठरत नाहीत, जशी ‘कसबा’मुळे मराठी ही अरबीची बहीण ठरत नाही.

याच ‘दिपि’ची दुसरी शाखाही आपल्याकडे आली. तिच्यापासून इराणात लेखनिकाचा वाचक शब्द तयार झाला. तो मध्य फारसीत ‘दिबीर’ आणि नंतर ‘दबीर’ झाला. संस्कृतात तो ‘दिविर’ म्हणून शिरला. वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत ‘दिविरपति’ हा अधिकारी आढळतो. मराठीत तो पुन्हा ‘डबीर’ होऊन आला. शहाजीराजांनी बाल शिवाजीराजांसोबत पुण्याच्या कारभारासाठी पाठवलेल्या मंडळींत सोनोपंत डबीर होते. कसबा पेठेतील लाल महाल हे त्या कारभाराचे केंद्र. पुढे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे देण्यात आली आणि ‘डबीर’ हे पद ‘सुमंत’ झाले. परका म्हणून ‘डबीर’ शब्द बाजूला झाला; त्याचाच आतेभाऊ ‘लिपी’ मात्र घरचा म्हणून राहिला.

५.७ सारांश

शब्दसाम्य हा शोधाचा आरंभ असतो, निष्कर्ष नव्हे. ‘गुद–गो’सारखी ठळक साम्ये असिद्ध राहतात, ‘दुब–लिपी’सारखा मुळीच न जुळणारा संबंध पुराव्याने उभा राहतो. एखादा शब्द ‘शुद्ध देशी’ की ‘परकी’ हे आपल्या कानावरून किंवा अभिमानावरून ठरत नाही. ते त्याच्या प्रवासाच्या टप्प्यांवरून ठरते. आणि परक्या भाषेतून आलेला शब्द हजारो वर्षांच्या वापराने आपला होतो, यात भाषेला कोणताही कमीपणा नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘बदनाम’ या शब्दातील दोन पदांच्या आधारे योगायोग व कुलसंबंध यांतील फरक स्पष्ट करा.
२. सुमेरियन भाषेच्या बाबतीत तुलनेची पद्धती मर्यादित का ठरते?
३. टिळकांच्या १९१७ च्या मांडणीचे बळ व मर्यादा सांगा.
४. शाहबाजगढी येथील ‘दिपि’ हे रूप ‘लिपि’च्या व्युत्पत्तीसाठी महत्त्वाचे का आहे?

उपक्रम

तुमच्या गावातील किंवा पेठेतील पाच स्थळनामे अथवा आडनावे निवडा. शब्दकोश व जुनी कागदपत्रे पाहून प्रत्येकाचे उपलब्ध सर्वांत जुने रूप नोंदवा. ज्या ठिकाणी मधला टप्पा मिळत नाही, तेथे जागा कोरी ठेवा. ती तर्काने भरू नका.