तळपायाची आग आणि रात्रीची छोटी गोळी



"पायाले आग लागल्यावानी होते, सिस्टर. रातभर डोळा लागत नाही." वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की हे वाक्य ऐकू येतेच. कुणी उष्णता म्हणते, कुणी वय झाले म्हणते. पण जळजळ, मुंग्या, सुया टोचल्यासारखे होणे, पाय बधिर पडणे ही बहुतेक वेळा नसांची दुखणी असतात. आपल्याकडे त्याचे मोठे कारण मधुमेह. वाढलेली साखर वर्षानुवर्षे बारीक नसांना इजा करते आणि दुखणे तळपायापासून वर चढते.

बाबासाहेबांनीही हे सोसले. १९४८ साली संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना मधुमेह आणि पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांची झोप उडवली होती. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार चालू होते. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. पुढे माईसाहेबांनी त्यांचे पथ्य आणि इन्सुलिन सांभाळले. इतक्या मोठ्या माणसाने दुखणे अंगावर काढले नाही, मग आपण का काढावे?

एका मावशींचे उदाहरण घ्या. दुखले की त्या दुकानातून गोळी आणत, नाहीतर इंजेक्शन घेत. नसांच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत आणि रोज घेतल्या तर किडनी बिघडवू शकतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे रुग्ण आधीच आहेत. तिथे तर अधिक जपायला हवे.

डॉक्टरांनी मावशींना अमिट्रिप्टिलीनची कमी ताकदीची गोळी रात्री घ्यायला दिली. ही गोळी मुळात उदासीनतेच्या आजारावरची. "वेडाची गोळी" म्हणून घरच्यांनी ती बंद केली. आम्ही घरी जाऊन समजावले, डॉक्टरांना विचारून ती पुन्हा सुरू झाली. तीन आठवड्यांनी मावशी म्हणाल्या, "काल झोप लागली." याच कामासाठी फिटवरची गॅबापेंटिनही देतात. त्यात वेडाचा संबंध नाही. ही औषधे नसांकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप मंद करतात.

लक्षात ठेवा:

• ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगा. झोप, चक्कर, तोंडाला कोरड येऊ शकते. दारूसोबत घेऊ नका, मनाने बंद करू नका.
• गुण यायला काही आठवडे लागतात. साखर आटोक्यात ठेवणे हा पाया आहे.
• मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा.
• रोज तळपाय पाहा. अनवाणी चालू नका. गरम पाण्यात पाय बुडवू नका. बधिर पायाला भाजलेले कळत नाही.
• त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. उपचार मोफत आहेत. पायाची जखम भरत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतात. त्यातला एक रविवार आशाताईंना बोलावून तपासणीसाठी ठेवा. ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्या पायांच्या बाबतीतही तेच करूया.