पिकांच्या रोगांची छायाचित्रे व त्यांतील विरळ रंगनोंद

रोगट पानाचे छायाचित्र मोबाईलवर काढून ते तज्ज्ञाकडे पाठविण्याची पद्धत आता खेडोपाडी रूढ झाली आहे. अशा चित्रांतील ठिपके मोजण्याचे काम संगणकाकडूनही करून घेतले जाते. रोगाचे निदान पुष्कळदा रंगावर अवलंबून असते. परंतु चित्राच्या फायलीत रंगाचीच नोंद विरळ केलेली असते. हे ध्यानात न घेतल्यास निदान चुकते, नको ती फवारणी होते, आणि पैसा व पीक दोन्ही हातचे जातात.

विरळ रंगनोंद म्हणजे काय?

मनुष्याच्या डोळ्यास उजेड व अंधार यांतील बारीक फरक चटकन कळतो. रंगातील तितका बारीक फरक कळत नाही. १९५३ साली अमेरिकेत मान्य झालेल्या रंगीत दूरचित्रवाणीच्या पद्धतीत या गोष्टीचा उपयोग केलेला होता. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीतही त्यास वाव ठेविला आहे. अशा फायलीत सामान्यतः लाल, हिरवा व निळा हे तीन आकडे न ठेवता एक आकडा दीप्तीचा व दोन आकडे रंगफरकाचे ठेवितात. दीप्तीची नोंद प्रत्येक पिक्सेलसाठी होते. रंगाची नोंद मात्र तीन प्रकारे होऊ शकते:

(१) ४:४:४ – प्रत्येक पिक्सेलचा रंग नोंदविला जातो.
(२) ४:२:२ – आडव्या दोन पिक्सेलांस मिळून एक रंग.
(३) ४:२:० – दोन आडव्या व दोन उभ्या अशा चार पिक्सेलांस मिळून एक रंग.

चार पिक्सेलांसाठी पहिल्या प्रकारात १२ आकडे लागतात, दुसऱ्यात ८ व तिसऱ्यात ६. फाईल लहान होते, म्हणून पुष्कळ मोबाईलांत तिसराच प्रकार वापरलेला आढळतो.

नुकसान कोठे होते?

समजा, तांबेऱ्याच्या ठिपक्यात लाल १५०, हिरवा ९० व निळा ४० असे आकडे आहेत, आणि पानात ते ७०, १३० व ४५ आहेत. दीप्ती काढताना लाल ०.२९९, हिरवा ०.५८७ व निळा ०.११४ या प्रमाणात मोजतात. त्याप्रमाणे दोहोंची दीप्ती सुमारे १०२ येते. म्हणजे ठिपका ओळखण्याची सर्व खूण रंगातच आहे. चार पिक्सेलांपैकी एकच ठिपक्याचा असेल, तर सरासरी रंग सुमारे ९०, १२० व ४४ होतो. तांबूस ठिपक्याच्या जागी किंचित पिवळसर हिरवा डाग उरतो. असे चित्र पाहून अन्नद्रव्याची उणीव समजली जाणे अशक्य नाही.

सॉफ्टवेअरने काय करावे?

रंगनोंदीचा प्रकार फाईलच्या आरंभीच्या माहितीत दिलेला असतो. सॉफ्टवेअरने तो तेथून वाचावा. मनाने ठरवू नये. चित्राची रुंदी किंवा उंची विषम असल्यास रंगाच्या ओळी मोजताना अर्धा आकडा पूर्ण धरावा, नाहीतर शेवटच्या ओळीचा रंग बिघडतो. विरळ रंग पुन्हा पसरविताना तोच रंग चार वेळा ठेवल्यास कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. शेजारच्या नोंदींशी प्रमाणशीर मेळ घातल्यास त्या मऊ येतात. रंगनोंद चार पिक्सेलांच्या मध्यभागची आहे की डाव्या कडेची, हेही पाहावे. येथे चूक झाल्यास रंग दीप्तीपासून अर्धा पिक्सेल सरकतो.

फाईल पुन्हा साठविताना रंग अधिक विरळ होऊ देऊ नये. तथापि ४:२:० फाईल ४:४:४ करून ठेवल्याने गेलेला रंग परत येत नाही. ज्याची नोंदच झाली नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर शोधून देऊ शकत नाही.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

उपाय सोपा आहे. ४,००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एक मीटर रुंदीचा भाग घेतला, तर एक मिलिमीटरच्या ठिपक्यास आडवे ४ पिक्सेल, म्हणजे रंगाच्या अवघ्या २ नोंदी मिळतात. तेच चित्र पाठविताना १,६०० पिक्सेलांचे झाले, तर एक नोंदही पुरती मिळत नाही. जवळ जाऊन २० सेंटिमीटरचाच भाग घेतल्यास मात्र मूळ चित्रात १० नोंदी मिळतात. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात:

(१) संपूर्ण झाडाचे एक व रोगट पानाचे जवळून एक अशी दोन चित्रे काढावीत.
(२) मोबाईल स्थिर धरावा आणि पान स्पष्ट दिसते याची खात्री करावी.
(३) चित्र लहान न करता मूळ फाईलच पाठवावी. पडद्यावरील चित्राचे पुन्हा चित्र काढू नये.
(४) सल्ला मिळेपर्यंत रोगट पानाचा नमुना जपून ठेवावा. शंका उरल्यास तज्ज्ञास प्रत्यक्ष पानच दाखवावे.