राजदूतपण इथेच ठेवून जा

परदेशी शिकायला किंवा एका सेमिस्टरच्या एक्स्चेंज प्रोग्रॅमला निघालेल्या विद्यार्थ्याला विमानात बसण्याआधीच एक पद मिळतं. निवडीच्या पत्रात, निरोपाच्या भाषणात, शेजाऱ्यांच्या कौतुकात एकच वाक्य येतं : तू आता आपल्या संस्कृतीचा राजदूत. मग बॅगेत फेटा जातो, नऊवारी जाते, चकल्यांची पाकिटं जातात आणि तिकडे कुणी काही विचारलंच तर काय सांगायचं याची उत्तरंही घरातूनच पाठ होऊन जातात. हे पद मीही मोठ्या आनंदाने घेतलं होतं. त्यापायी काय हातचं गेलं हे कळायला मला फार वेळ लागला, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. राजदूताचं काम मानाचं असतं, पण ते विद्यार्थ्याचं नव्हे. राजदूत आपल्या सरकारच्या वतीने बोलतो. स्वतःच्या देशाबद्दल त्याला पडलेले प्रश्न तो यजमानांच्या जेवणाच्या टेबलावर मांडत नाही, मांडता कामाही नये. विद्यार्थी तर प्रश्न पडावेत म्हणूनच गेलेला असतो. एका माणसाने ही दोन्ही कामं अंगावर घेतली की त्यातलं शिकण्याचं काम मागे पडतं, कारण मिरवण्याचं काम सोपं असतं आणि त्याला टाळ्याही मिळतात.

या पदाची पहिली खूण म्हणजे ‘आमच्याकडे’ हा शब्द. आमच्याकडे लग्नं अशी होतात, आमच्याकडे हे खातात, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असा मान देतात. पण आमच्याकडे म्हणजे नेमकं कुणाकडे? मालवणच्या घरातलं ताट आणि वऱ्हाडातलं ताट एक नाही. पुण्याच्या एखाद्या पेठेतला सण आणि मेळघाटातल्या कोरकू पाड्यावरचा सण एक नाही. ‘आम्ही महाराष्ट्रीय शाकाहारी’ असं तिकडे सर्रास सांगितलं जातं, आणि त्या एका वाक्यात सगळी किनारपट्टी आणि अर्धाअधिक महाराष्ट्र पुसला जातो. मुलांना परदेशी पाठवण्याची ऐपत ज्या घरांत आधी आली, त्या घरांची रीत ही सगळ्यांची रीत म्हणून मांडली जाते. हे कुणी मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच ते ध्यानात येत नाही. जे नाव घेऊन मिरवता येत नाही ते मात्र सामानातून गुपचूप जातंच. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने मनाई केली. समुद्रापलीकडच्या एका शहराला असा कायदा करावा लागतो, तेव्हा आपण तिकडे रांगोळी आणि पुरणपोळीशिवाय आणखी काय नेलं, हे विचारायला हवं.

दुसरी खूण म्हणजे शुद्धतेचा हट्ट. आपलं ते जुनं, अस्सल, कशाचीही भेसळ नसलेलं, असं सांगायला राजदूताला आवडतं. त्याने एकादशीचं ताट नीट पाहावं. साबुदाण्याच्या खिचडीइतकं सोवळं, इतकं घरचं आपल्याकडे दुसरं काय असेल? पण आजचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्याचे मोठे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या परिसरात आहेत, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दाण्याचा कूट ज्या शेंगांचा, त्या तिकडच्याच. बटाटा तिकडचा, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. गोवा १५१० साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं, त्यानंतर अशी कितीतरी पिकं या किनाऱ्यावर उतरली. खिचडीतलं जिरं आणि तूप तेवढं त्याआधीचं. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेला. पाव, काजू, चावी हेही त्याच वाटेने आले. दप्तर आणि खुर्ची त्याआधी फारसी-अरबीच्या वाटेने येऊन बसली होती. म्हणजे सांस्कृतिक देवाणघेवाण शिकायला आपण जिथे जातो, तिथल्या कित्येक वस्तू आपल्या उपवासाच्या ताटात चार-पाचशे वर्षांत येऊन मुरलेल्या आहेत. हे ठाऊक असलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वेगळ्या नजरेने उभा राहतो.

यावर लगेच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे : सगळंच बाहेरून आलं म्हटलं तर आपलं म्हणून उरलं काय? मला वाटतं, वस्तू कुठून आली यावर तिचं आपलेपण ठरतच नाही, आपण तिचं काय केलं यावर ते ठरतं. साबुदाणा रात्री किती पाण्यात भिजवायचा, कूट किती भरड ठेवायचा, धान्य वर्ज्य आणि कंद चालतो हा नियम, बोटाने दाणा दाबून पाहणं, हे ब्राझीलमध्ये कुणाला ठाऊक नाही. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली झालं. परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षं तिला दार बंद ठेवलं. पण पेटीशिवाय नाट्यसंगीताची बैठक किंवा गावातलं भजन आज डोळ्यांसमोर तरी येतं का? कुणाचं काय आपलं, हे वरून हुकूम काढून ठरत नाही. शंभर वर्षं बोटं फिरली की पट्ट्या आपल्या होतात. तेव्हा ओळख पुसली जाईल या भीतीने नव्या गोष्टीपासून अंग चोरणाऱ्याने एवढं पाहावं, की ज्या ओळखीला तो जपतो आहे ती अंग न चोरणाऱ्यांनीच घडवली.

मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका पदवीदान समारंभात दोन मराठी बायका होत्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या आणि पंडिता रमाबाई त्यासाठी मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. माझा सगळा मुद्दा या दोघींमध्ये आहे. आनंदीबाईंना निघण्याआधी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून आपण का जातो आहोत याचा जबाब द्यावा लागला होता. हिंदू म्हणूनच जाईन आणि तशीच परत येईन, असं सांगावं लागलं होतं. तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. तो शब्द त्यांनी पाळला. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविशीही पुरी झालेली नसताना, क्षयाने त्या गेल्या आणि त्यांचं सगळीकडे कौतुक झालं. त्यांच्या हिमतीला मी मनापासून वंदन करते. पण एका कोवळ्या विद्यार्थिनीवर सगळ्या समाजाचं प्रतिनिधित्व लादून, ‘जशी गेलीस तशीच ये’ ही अट घालणं क्रूर होतं, आणि आजही आपण ती अट गोड शब्दांत घालतोच. रमाबाईंनी ती पाळली नाही. त्या इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि इथे अनेकांना दुरावल्या. तिकडच्यांनाही त्या हव्या तशा सापडल्या नाहीत. मांसाहार त्यांनी धरला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आपल्या माणसाला संस्कृत का नको, असा वाद त्यांनी आपल्या इंग्रज शिक्षिकांशी घातला. देव बदलला तरी ताट आणि भाषा यांबद्दलचा निर्णय त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे एकेका गोष्टीपुढे थांबून ठरवणारी अशी बाई कुणाचीच राजदूत होऊ शकत नाही.

याच रमाबाईंनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, अमेरिकन वाचकांसाठी. घरची लक्तरं वेशीवर टांगली, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात तो दबा धरून असतो. आपणच आपली उणी सांगितली तर तिकडचे पूर्वग्रह पक्के होणार नाहीत का? होऊ शकतात. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेने १९२७ मध्ये ‘मदर इंडिया’त आपल्याकडचा बालविवाह, अस्पृश्यता, अस्वच्छता सगळं मांडलं आणि त्यावरून हा देश स्वराज्याला लायक नाही असा सूर लावला. म्हणून आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण गप्प बसणं हे त्याला उत्तर नव्हे. रमाबाईंनी १८८९ मध्ये मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या संघटनांचं आणि शिक्षणाचं भरभरून कौतुक आहे, तसं काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीचंही वर्णन आहे. नजर एकच, दोन्हीकडे फिरणारी. मेयोबाईंकडे ती नव्हती. तेव्हा घरातलं उणं सांगताना ते कुठलं, किती आणि त्याविरुद्ध इथेच कोण लढतं आहे हे पूर्ण सांगा; जोतिराव आणि सावित्रीबाईंचं नाव न घेता जातीबद्दल बोलणं अर्धवट आहे. आणि मग समोरच्यालाही त्याच्या घरातलं विचारा. ज्याला आपल्या घराबद्दल खरं बोलता येतं, त्यालाच हा प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो.

दूर गेल्यावर घर दिसतं, ते असं. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि मे १९१६ मध्ये तिथल्या एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर : त्या कशा सुरू होतात, कशा टिकतात. अमेरिकन वर्गात त्यांनी भारताचं प्रदर्शन मांडलं नाही, भारत तपासायला घेतला. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या तेव्हा उलट दिशेने हेच घडलं. मानवी कवट्यांतली असममिती वंशश्रेष्ठत्वाशी जोडू पाहणारं गृहीतक त्यांच्या मार्गदर्शकाचं होतं. इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष १९३० च्या सुमारास तिथेच मांडला. पाहुण्याने यजमानांचं मन राखावं, हा आपला संस्कार चांगलाच आहे. पण मोजपट्टी हातात असताना खोटं बोलण्याची सवलत तो देत नाही.

कुणी म्हणेल, ही मोठी माणसं. आम्हाला आंतरराष्ट्रीय दिनाला दहा मिनिटांचा एक स्टॉल मिळतो, त्यात लेझीम दाखवायची नाही तर काय करायचं? दाखवा. लेझीम सुंदर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्या दहा मिनिटांना देवाणघेवाण समजू नका. ती इतर दिवसांत असते आणि तिला तयारी लागते. निघण्यापूर्वी आपलं घराणं कुठून कुठे आलं, घरात कोणती बोली होती आणि कधी सुटली, कुळाचार कुणाच्या कष्टावर चालतो, हे आजी-आजोबांना बसून विचारा. माहितीपत्रकं वाचण्यापेक्षा हे जास्त कामी येतं. तिकडची भाषा निदान बाजारहाट करण्यापुरती शिकून जा, कारण इंग्रजीत भेटणारे लोक बहुधा आधीच आपल्यासारखे असतात. यजमानांच्या घरी भांडी विसळा, कचरा वेगळा करायला शिका, त्यांच्या आजारी आजीकडे कोण बघतं ते पाहा. ‘आमच्याकडे’ऐवजी ‘आमच्या घरी’ म्हणायची सवय लावा. वाक्य लहान होतं, पण खरं होतं. आणि दर आठवड्याला निदान एक गोष्ट अशी लिहून ठेवा, जी पाहून आपल्याच एखाद्या रीतीबद्दल शंका आली. ती वही कुणाला दाखवायची नाही.

परतल्यावरचा धोका कुणी सांगत नाही, म्हणून तोही नोंदवते. जाताना आपण भारताचे राजदूत असतो, येताना तिकडचे होऊन येतो. गाड्या वेळेवर, रस्ते स्वच्छ, माणसं रांगेत : ‘तिकडे असं नसतं’ हे पालुपद सुरू होतं. ते ‘आमच्याकडे’चंच जुळं भावंड आहे. सहा महिन्यांत एका शहरातल्या दोन-तीन घरांचा उंबरठा ओलांडलेला माणूस एका अख्ख्या देशाच्या वतीने बोलू लागतो. घरचे कौतुकाने ऐकतात आणि काही दिवसांनी ऐकणं सोडतात. त्यांनी विचारलं तर त्या दोन-तीन घरांबद्दल सांगावं : तिथे जेवायला कोण आधी बसत होतं, भांडण झालं की काय होत होतं, कोणता प्रश्न विचारल्यावर सगळे गप्प झाले.