मासे पाळण्याचं पुस्तक: किती खर्चावं, कशावर?

शोभिवंत मासे पाळायचे ठरलं की नवखा माणूस आधी रंगीत फोटोंचा जाडजूड ग्रंथ उचलतो. तो सध्या राहू द्या. फोटो मोबाइलवर फुकट दिसतात, आणि नव्या टाकीतले मासे बहुतेक वेळा मरतात ते पाणी बिघडल्यामुळे. तेव्हा पहिले पैसे पाण्यावरच्या पुस्तकाला.

दुकानात उभ्या उभ्या परीक्षा घेता येते. मागच्या सूचीत ‘अमोनिया’ शोधा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यावर चार पानंही नसतील आणि ‘आज टाकी भरा, उद्या मासे सोडा’ असा सल्ला असेल, तर ते पुस्तक पन्नास रुपयांतही महाग. मुखपृष्ठावर गोल भांड्यात गोल्डफिश दिसला, तर सूचीपर्यंतही जाऊ नका!

मराठी-हिंदी पुस्तिका साधारण शे-दोनशेत मिळतात. परदेशी बांधीव पुस्तकं सहज दोन हजारांपुढे जातात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण बाहेरून मागवलेल्यांवर सीमाशुल्क आणि टपालखर्च चढतो. म्हणून घरपोच एकूण किती, ते आधी विचारा.

जुन्या पुस्तकांत रील आणि बेन्श यांचा ‘अ‍ॅक्वेरियम अ‍ॅटलस’ दिसला तर जरूर घ्या. प्रत्येक माशाचा सामू, पाण्याचा कठीणपणा, तापमान, पूर्ण वाढीची लांबी असं सगळं त्यात आहे. शास्त्रीय नावं जुनी असतील, एवढंच. आपल्या पश्चिम घाटातली ‘मिस केरळ’ तेव्हा पुंटियस होती, 2013पासून ती सह्याद्रिया झाली. माशाच्या गरजा त्याने बदलत नाहीत. औषधांचं प्रकरण मात्र नव्या पुस्तकातलंच वाचावं.

परदेशी पुस्तकात गॅलन कुठला, तेही बघा: अमेरिकन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546चा. औषधाची मात्रा इथेच चुकते. हीटरचं प्रकरण मुंबईकरांनी चाळलं तरी चालेल; पुणे-नागपूरकरांनी थंडीआधी नीट वाचावं.

सुरुवातीला पुस्तकांवर पाचशे रुपये पुरेत. वाचलेल्या पैशांत अमोनियाचं टेस्ट किट घ्या, थेंबांचं. पट्ट्यांच्या अनेक पाकिटांत अमोनियाची चाचणीच नसते.