पेरून झोपी जाणारा शेतकरी आणि माझे आजोबा



आजचं वाचन: मार्क 4:26-29

चारच वचनं आहेत, ट्रेनमध्येही वाचून होतील. आधी ती वाचा, मग पुढे या.

येशू एक छोटासा दाखला देतो. एक माणूस जमिनीत बी टाकतो. मग तो रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि इकडे बी रुजून वाढत राहतं. कसं, ते त्याचं त्यालाही कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार झालं की तो लगेच विळा घालतो. बस, एवढंच. हा दाखला चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्ये आहे, म्हणून कदाचित तो पेरणाऱ्याच्या दाखल्याइतका आपल्या कानावर पडत नाही.

मी हा दाखला वाचते तेव्हा मला माझे आजोबा दिसतात. या आठवड्यात त्यांना जाऊन चार वर्षं झाली, म्हणून आजचं मनन त्यांच्यासोबत करूया.

आमचं गाव वसईत, आगाशीच्या बाजूला. आजोबांची राजेळी केळीची वाडी होती, थोडी पानवेल, थोडी भाजी. माझ्या लहानपणी विहिरीवर मोटर आली होती, पण त्यांच्या तरुणपणी रहाट होता. पहाटे चारला बैल जुंपायचे. सहाला चर्चची घंटा झाली की हातातलं काम ठेवून, टोपी काढून, उभ्या उभ्या देवदूताची प्रार्थना. दुपारी बाराला पुन्हा तेच. रविवारी घड झाडावर पिकला तरी कोयत्याला हात लावायचे नाहीत.

आणि रोज रात्री जेवणाआधी रोझरी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्ये दिली, पण आजोबा गुरुवारी शेवटपर्यंत जुनी आनंदाचीच रहस्ये म्हणायचे. आम्ही नातवंडं हसायचो. ते म्हणायचे, "पोपना माझा नमस्कार सांगा, पण या वयात मला नवीन पाठ होत नाही."

ते फार गोड होते असं मात्र नाही. रागीट होते. कौतुक तर मी त्यांच्या तोंडून दोनदाच ऐकलं असेल. त्यात एकदा बैलाचं.

आता माझ्याबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे आळीपाळीने आठवडाभर ऑन-कॉल असतं. म्हणजे सिस्टीम कुठे अडली की फोन वाजतो, आणि रात्री तीन वाजले असले तरी लॅपटॉप उघडायचा. आजोबा शेवटचे आजारी होते तेव्हा मी ऑन-कॉल असूनही गावी गेले. गुरुवारची संध्याकाळ होती. त्यांच्या पलंगाभोवती आम्ही सगळे रोझरीला बसलो. पाचवं रहस्य मला सांगायचं होतं, बाळ येशू मंदिरात सापडतो ते. चौथं संपत आलं आणि माझा फोन वाजला.

मी उठले. बाहेर ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. चाळीस मिनिटं गेली. खरं सांगायचं तर माझ्यावाचूनही ते काम झालं असतं. जोडीला दुसरा इंजिनिअर होता, पण मी त्याला विचारलंच नाही. मला वाटत होतं, मी नाही बघितलं तर सगळं कोसळेल.

परत आत गेले तर सगळे जेवायला बसले होते. आजोबा मात्र तसेच उशीला टेकून होते. जपमाळ हातात, आणि बोट मोठ्या मण्यावर. म्हणाले, "तुझी पाळी होती. मी थांबलो."

आम्ही दोघांनी पाचवं रहस्य म्हटलं. माझा आवाज नीट फुटत नव्हता. झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाळा, तू झोपतेस तेव्हा ते मशीन कोण बघतं?"

मी म्हणाले, "आजोबा, या आठवड्यात मीच. झोपले तरी मीच."

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझा बाबा चौथीत होता तेव्हाची गोष्ट. पावसाच्या तोंडावर वादळ आलं. राजेळी उंच, वाऱ्याला टिकत नाही. मी रात्रभर पावसात टेकू देत फिरलो. एक झाड सावरलं की मागे दोन पडायची. सकाळी बघतो तर अर्ध्याहून जास्त वाडी आडवी. देवाला नको ते बोललो. मग ताप भरला, सव्वा महिना अंथरुणातून उठलो नाही. उठलो तसा काठी टेकत वाडीत गेलो, तर पडलेल्या झाडांच्या बुडातून मुनवे वर आलेले. गुडघ्याएवढे! मी लावले नव्हते. मी तर अंथरुणात होतो."

मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी विहिरीवर बसून रडलो. पीक गेलं म्हणून नाही गं. इतकी वर्षं मला वाटायचं, वाडी मी वाढवतो."

तीन आठवड्यांनी ते गेले. दफनविधीनंतर बाबांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीतच नव्हती. त्या वादळाआधी आजोबा घरच्या रोझरीला क्वचितच असायचे. अंधार पडला तरी वाडीत असायचे. रोज रात्री सगळ्यांना घेऊन बसायची सवय त्या पावसाळ्यापासूनची. मी समजत होते ते जन्मतःच तसे होते. नाही, ते शिकले होते.

आता पुन्हा दाखल्याकडे येऊया. दोन गोष्टी बघा.

पहिली, 28 व्या वचनात जमीन 'आपोआप' पीक देते असं म्हटलंय. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'ऑटोमाटे'. आपला 'ऑटोमॅटिक' त्याच कुळातला. आपण इंजिनिअर ऑटोमेशन लिहितो आणि ते चालतंय ना म्हणून रात्रभर जागतो. येशूच्या दाखल्यातला शेतकरी मात्र निवांत झोपतो, कारण वाढवणारा कोण हे त्याला ठाऊक आहे. पण तो आळशी नाही हं! सुरुवातीला पेरतो तोच, आणि शेवटी लगेच विळा घालतो तोच. दोन्ही टोकांचं काम त्याचं. मधलं काम देवाचं.

दुसरी, 27 व्या वचनात रात्र आधी येते, दिवस नंतर. ज्यू लोकांचा दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही आधी संध्याकाळ, मग सकाळ. म्हणजे दिवसाची सुरुवात विश्रांतीने. मी झोपते तेव्हा देवाचं काम आधीच सुरू झालेलं असतं, सकाळी उठून मी त्यात सामील होते. आजोबांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण रोझरीनंतर ते वाडीकडे फिरकायचे नाहीत.

मी काही एकदम बदलले नाही. अजूनही कधी कधी रात्री उगाच फोन चाळते. पण ऑन-कॉल संपलं की आता खरंच दुसऱ्याच्या हाती सोपवते. आणि फोन वाजला तर आधी विचारते, हे मीच करायला हवं का?

आज स्वतःला विचारूया:
1. माझ्या कामातलं पेरणं कोणतं, आणि मी देवाच्या हातून ओढून घेतलेलं मधलं काम कोणतं?
2. माझ्यासाठी कोण मण्यावर बोट ठेवून थांबलंय? आज मी त्यांच्याजवळ बसेन का?

प्रार्थना: प्रभू येशू, मला मनापासून पेरायला शिकव आणि रात्री निश्चिंत झोपायला शिकव. जे माझ्या हातात नाही ते तुझ्या हातात आहे, हे मला विसरू देऊ नकोस. आमच्या आजी-आजोबांना, जे गेले त्यांना आणि जे वाट बघत आहेत त्यांना, तुझी शांती दे. आमेन.