राजदूतचे सुटे भाग आणि घरचं पावडर कोटिंग

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची जुनी राजदूत आहे. कोकणातल्या हवेनं तिचा स्टँड, फूटरेस्ट, नंबरप्लेटची पट्टी असे बरेच भाग गंजले आहेत. ब्रशनं काळा रंग मारला की एका पावसाळ्यात पोपडे निघतात. घरच्या ओटीजीत पावडर कोटिंग करता येतं असं ऐकलं. खरंच जमेल का? आणि जमलं तर पेट्रोलची टाकी आणि मागचे शॉकॲब्सॉर्बरही त्यातच करू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. टाकी आणि शॉकॲब्सॉर्बर ओव्हनमध्ये अजिबात घालू नका. टाकी कितीही धुतली, वाळवली तरी सांध्यांत आणि गंजाच्या थरात पेट्रोल मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ सुटते आणि बंद ओव्हनमध्ये ती पेट घेऊ शकते. शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल कोंडलेलं असतं, काहींत दाबाखालचा वायूही असतो. 200 अंशांना तो फुटू शकतो. रबर, ऑइल सील, बेअरिंग, प्लॅस्टिकचा बुश यांपैकी काहीही ज्यात बसवलेलं आहे तो भाग आधी पूर्ण मोकळा करा. मोकळा होत नसेल तर तो बाजूला ठेवा.

राहिले स्टँड, फूटरेस्ट, पट्ट्या. हे घरी जमतं, आणि मन लावून केलं तर उत्तम टिकतं.

पावडर म्हणजे रंगद्रव्य आणि रेझिन यांची बारीक पूड. तिच्यात थिनर नसतो. गनच्या टोकाशी हजारो व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे पुडीच्या कणांवर विद्युतभार चढतो आणि अर्थ केलेल्या धातूकडे ते ओढले जातात, अगदी पाठीमागच्या बाजूलाही वळून बसतात. म्हणून इथे अर्थिंगला फार महत्त्व आहे. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची तारच नसते; इलेक्ट्रिशियनकडून ते आधी तपासून घ्या. भाग ज्या हुकाला टांगता त्या हुकावर मागच्या वेळचं कोटिंग बसलेलं असेल तर तेही खरवडून काढा, कारण ते वीज अडवतं. आतल्या खोल कोपऱ्यांत पावडर सहज जात नाही. तिथे आधी मारा, मग उघड्या बाजूंना. थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा पुरतो. त्यापुढे मारत राहिलं की पावडर पावडरीलाच ढकलू लागते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो.

आता उष्णता. घरी केलेलं बहुतेक काम इथेच फसतं. डब्यावर ‘200 अंश, 10 मिनिटं’ असं लिहिलेलं असतं, ते धातूचं तापमान असतं, ओव्हनमधल्या हवेचं नव्हे. पातळ पट्टी लवकर तापते. स्टँडसारखा जाड भाग तिथवर यायलाच आणखी 15-20 मिनिटं सहज घेतो, आणि तुमची 10 मिनिटं त्यानंतर मोजायची असतात. आधी पावडर वितळते, पसरते, चकाकी येते. ती चकाकी पाहून बरेच जण ओव्हन बंद करतात. पण रेझिनचे रेणू एकमेकांशी जोडले जाण्याची खरी प्रक्रिया तेव्हा कुठे सुरू झालेली असते. अर्धवट भाजलेलं कोटिंग दिसायला सुरेख असतं आणि पहिल्याच दगडाच्या ठोक्याला तडकतं. मल्टिमीटरला थर्मोकपल जोडून ते भागालाच बांधा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत उघड्या धातूवर खूप कमी आकडा दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. गार झाल्यावर आतल्या बाजूला थिनरचा बोळा घासून पाहा. रंग भरपूर सुटला किंवा चकाकी गेली तर भाजणं कमी पडलं आहे.

तुमचे पोपडे निघतात त्याचं कारण मात्र रंगाच्या खाली आहे. गंज राहिला तर पावडरीखालीही तो पसरतच राहतो. कारखान्यांत यासाठी ‘सेव्हन टँक’ पद्धत असते : तेल काढणं, धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, असं करत फॉस्फेटिंगपर्यंत. घरी एवढं होत नाही, पण क्रम तोच ठेवा. पहिल्यांदा तेल-ग्रीस काढा. आधी पॉलिश पेपर मारलात तर तेच तेल ओरखड्यांत घुसतं. मग गंज पांढऱ्या धातूपर्यंत काढा. जवळपास सँडब्लास्टिंग करून मिळत असेल तर हे एक काम पैसे देऊन बाहेरून करून घ्या, माझ्या मते इथे खर्च केलेला रुपया सर्वांत जास्त उपयोगी पडतो. त्यानंतर उघड्या हातानं भागाला स्पर्श नको, आणि चिपळूणच्या दमट हवेत तो रात्रभर तसाच ठेवूही नका. काही तासांतच लाली धरू लागते. ओतीव भाग असतील तर कोटिंगआधी ते रिकामेच एकदा भाजा. छिद्रांत मुरलेलं तेल आणि हवा तेव्हाच बाहेर येते, नाहीतर नंतर कोटिंगमध्ये बुडबुडे उठतात. आट्यांना आणि पिनांच्या भोकांना उष्णता सोसणारी टेप किंवा सिलिकॉनचे बूच लावा.

ज्या ओटीजीत एकदा पावडर भाजली त्यात पुन्हा कधीही खायचा पदार्थ करायचा नाही. जुना वेगळा घ्या आणि तो स्वयंपाकघराबाहेर, मोकळ्या हवेत ठेवा. हवेत तरंगणारी पूड ठिणगीनं स्फोटासारखी पेटू शकते, त्यामुळे गन चालवताना आसपास गॅस, समई, निरांजन काही नको आणि तापलेला ओव्हनही लांब हवा. तोंडाला रुमाल पुरत नाही, नीट बसणारा एन-95 मास्क हवा. पावडर घेताना ती टीजीआयसी नसलेली मागा. बाहेरच्या वापराच्या काही पॉलिएस्टर पावडरींत हे रसायन असतं आणि युरोपात ते जनुकांना हानी करणाऱ्या रसायनांत मोडतं. इपॉक्सी पावडर गंजाला छान अडवते, पण उन्हात खडूसारखी पांढुरकी होते, तेव्हा गाडीसाठी वरचा थर पॉलिएस्टरचाच हवा. सायलेन्सरला यातलं काहीही चालत नाही, त्याला उष्णतेसाठीची वेगळी पावडर लागते. ज्यांच्या गाड्यांना अलॉय व्हील आहेत त्यांनी ती घरी भाजू नयेत. त्या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या नेमक्या प्रक्रियेतून आलेली असते आणि जास्त वेळ जास्त तापल्यास ती घटते.

चेनकव्हर आणि कॅरिअर ओटीजीत मावणार नाहीत. ते भोसरी, अंबड, शिरोली अशा एखाद्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्याकडे द्या. देताना दोनच गोष्टी विचारा : फॉस्फेटिंग करणार का, आणि सुटा एक-दोन नगांचा जॉब कोणत्या रंगाच्या लॉटबरोबर घेणार? काळ्या रंगाचा लॉट बहुधा लवकर लागतो, म्हणून राजदूतचा काळा रंग तुमच्या पथ्यावरच पडेल.