आधी बेंबीपाशी दुखलं का?

अगं चिमे, सर्जरीचं पोस्टिंग लागलं म्हणून एवढी कसली धास्ती? मॅकबर्नी, रोव्हसिंग, मर्फी ही नावं तुला घडाघडा येतात, पण पेशंटपुढे उभी राहिलीस की काही सुचत नाही म्हणतेस. सुचणार कसं? नावं पाठ झाली, पोट राहिलं बाजूला. आज फक्त अपेंडिक्सबद्दल बोलू. ते नीट उमगलं की उरलेल्या पोटाची भीती बरीच कमी होते.

पहिल्या वर्षी एम्ब्रियॉलॉजी तुला रटाळ वाटायची ना? तीच आता कामाला येणार आहे. फोरगटचं दुखणं वरच्या पोटात, मिडगटचं बेंबीभोवती आणि हाइंडगटचं ओटीपोटात जाणवतं. अपेंडिक्स मिडगटचं. त्याच्या संवेदना टी-10 च्या आसपास पोचतात, आणि बेंबीभोवतीची त्वचाही टी-10 चीच. म्हणून सुरुवातीला नुसतं बेंबीपाशी मुरडल्यासारखं होतं, नेमकं कुठे ते सांगता येत नाही. काही तासांनी सूज पोटाच्या भिंतीला चिकटलेल्या पेरिटोनियमपर्यंत गेली, की पेशंट उजवीकडे खाली एक बोट ठेवून सांगतो, 'इथं.' दुखणं आधी चुकीचा पत्ता देतं आणि मग बरोबर. आपल्याकडे पेशंट कधी म्हणतो, 'बेंबी सरकली होती, चोळून घेतली, तरी राहीना.' हसू नकोस हं. हिस्टरीचा अर्धा भाग त्यानं तुला आयता दिलाय. आता एवढंच विचार, की दुखणं आधी की उलटी आधी? अपेंडिक्समध्ये बहुधा दुखणं पहिलं येतं. उलट्या आधी आणि पोट मागाहून दुखलं, तर खाण्यात काय आलं ते विचारायला लाग.

आणखी एक प्रश्न माझा लाडका आहे. 'येताना रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली तेव्हा जास्त दुखलं का?' चेष्टा नाही. 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर अभ्यास छापून आलाय. ऑपरेशननंतर अपेंडिसायटिस पक्कं ठरलेल्या 34 जणांपैकी 33 जणांना गतिरोधकावर दुखणं वाढलं होतं. पण ज्यांना अपेंडिसायटिस नव्हतं अशाही बऱ्याच जणांना दुखलं, तेव्हा 'हो' आलं म्हणून लगेच उड्या मारू नकोस. 'नाही, काहीच वाटलं नाही' हे उत्तर जास्त कामाचं. आपल्या रस्त्यांवर तर ही तपासणी दवाखान्यात पोचेपर्यंत फुकटात होते!

आता हात लावायचा. पेशंटच्या उजव्या बाजूला बस, उभ्यानं वाकून दाबू नकोस. तळहात चोळून गरम कर. पेशंटला गुडघे दुमडायला सांग. आधी नुसतं म्हण, 'जरा खोका बघू.' खोकताना त्याचा हात आपोआप जिथे गेला, ती जागा लक्षात ठेव आणि तिथून सगळ्यांत लांब सुरुवात कर. नजर पोटावर नको, चेहऱ्यावर ठेव. भुवई कधी आक्रसते ते बोटांआधी डोळ्यांना कळतं. डाव्या बाजूला दाबलं आणि उजवीकडे दुखलं, तर तो तुझा रोव्हसिंग. रिबाउंडसाठी खोल दाबून झटकन हात काढायची पद्धत मला मुळीच आवडत नाही. बोटानं हलकंसं ठोकलं तरी तेच कळतं. अख्खी बॅच एकाच पोटावर रिबाउंड करत असेल तर तू मागे सरक, बिघडत नाही.

मॅकबर्नीचा बिंदू म्हणजे कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाताना एक तृतीयांशावर. न्यूयॉर्कच्या त्या सर्जननं 1889 साली तो सांगितला. पण तो साधारण अपेंडिक्सच्या बुडाचा. बूड ठरलेल्या जागी असतं, सीकमवरच्या तिन्ही टीनिया जिथे एकत्र येतात तिथे. टोक मात्र मनाला येईल तिकडे. सीकमच्या मागे लपलं असेल तर पुढून पोट मऊच लागतं आणि उजवा पाय मागे ताणला की सोआस दुखतो. टोक ओटीपोटात उतरलं असेल तर रेक्टमला चीड येते, पातळ शी होते आणि पेशंट जुलाबाच्या गोळ्या घेत घरी बसतो. तिथे पी.आर. केल्याशिवाय कळत नाही. लाजू नकोस, पण आधी नीट सांग, परवानगी घे, पडदा ओढ, आणि सिस्टरना किंवा मावशींना शेजारी उभं कर. मुलगा असेल तर वृषणही बघ. टॉर्शनचं दुखणंही पोटातच सांगतात, आणि मुलं लाजून गप्प बसतात.

तपासण्या शेवटी. अल्व्हाराडो स्कोअर आठव, 1986 चा. दहापैकी सात गुण हिस्टरी, हात आणि थर्मामीटर यांचे, रक्ताचे फक्त तीन. लघवीत थोड्या पस सेल्स आल्या की 'युरिन इन्फेक्शन' लिहून मोकळी होऊ नकोस. सुजलेलं अपेंडिक्स युरेटरला किंवा ब्लॅडरला टेकलं तरी त्या येतात. सोनोग्राफीत न दबणारी, सहा मिलिमीटरपेक्षा जाड नळी दिसली तर उत्तम. पण 'अपेंडिक्स दिसलं नाही' याचा अर्थ 'अपेंडिक्स चांगलं आहे' असा होत नाही. गॅस असला, पेशंट जाड असला की दिसत नाही. मग सी.टी.चा विचार. गरोदर बाई असेल तर एम.आर.आय.

आणि पाळीच्या वयातली कुठलीही बाई असो, शेवटच्या पाळीची तारीख आणि यू.पी.टी. आधी. लग्न झालंय की नाही हे बघून ठरवायचं नाही. गर्भनलिकेतला गर्भ फुटला तर तासाभरातही जिवावर बेततं. फक्त आई किंवा सासू उशाशी असताना विचारू नकोस. 'पोट तपासायचंय, जरा बाहेर थांबा' म्हण, मग हळू आवाजात विचार.

पेशंट कळवळत असेल तर रेसिडेंटला सांगून दुखण्याचं औषध द्यायला लाव. औषधानं निदान झाकलं जातं हा जुना समज आता टिकलेला नाही. नंतर पुन्हा तपास, आणि प्रत्येक वेळी फाइलवर वेळ लिही. रात्री दहाला तू पाहिलेलं पोट दोन वाजता तूच परत बघ, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. मधल्या वेळात काहीतरी खाऊन घे.